घोट्यावरचं खरचटणं: एचआयव्ही असताना रेबीजची लस, सीमाभागातलं एक प्रकरण

गुरुवारी संध्याकाळी कुत्रं चावलं, शुक्रवारी पहिली सुई झाली आणि शनिवारी रात्री साडेनऊला अक्कांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न: "ताई, कुत्र्याची सुई माझ्या गोळ्यांना चालते न्हवं?"

मी काही वर्षं एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक होते. नोकरी सुटली, तरी जुने फोन सुटले नाहीत. अक्का त्यातल्याच एक. त्यांचं नाव आणि गाव इथे देत नाही. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे, जिथे एका शेताचा बांध कर्नाटकात आणि विहीर महाराष्ट्रात असू शकते, त्या पट्ट्यातल्या त्या आहेत, इतकं पुरे. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. लिहून झाल्यावर त्यांना वाचूनही दाखवलं.

साल 2023, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. रताळी काढायचे दिवस. अक्का तेव्हा 49 वर्षांच्या होत्या, वजन 48 किलो. शेतावरून परतताना वाटेवरच्या कुत्र्याने घोट्याला तोंड लावलं. साडीच्या काठातून दात घसरले, कातडी सोलवटली, पण रक्त आलं नाही. शेजारणीने चुना आणि मिरचीपूड आणून दिली. अक्कांनी ती लावली नाही. घरी येऊन नळाखाली पाय धरला आणि कपड्याच्या साबणाने धुतला. किती वेळ, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भाताला आधण येईपर्यंत." पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, असं डॉक्टर सांगतात. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते विरघळतं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत आधी आणि सर्वांत बरोबर झालेलं काम अक्कांनी स्वतःच्या हाताने केलेलं होतं. ते मला आधी नोंदवायचं आहे, कारण पुढे सारखं त्यांनी काय लपवलं याचंच बोलणं होतं.

शुक्रवारी सकाळी त्या जवळच्या एका आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी जखम पाहिली. रक्त नाही, नुसतं खरचटणं, म्हणजे दुसऱ्या वर्गाचा चावा. दोन्ही दंडांवर कातडीत थोडी थोडी लस दिली, कार्डावर पुढच्या तारखा लिहिल्या आणि घरी पाठवलं. सोबत दुखण्याची गोळी आणि चघळायची पित्ताची गोळी.

त्या डॉक्टरांचं काही चुकलं का? समोर जी बाई बसली होती, तिच्यासाठी त्यांनी केलं ते अगदी नियमाप्रमाणे होतं. दुसऱ्या वर्गाच्या चाव्याला फक्त लस, तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे रक्त आलेल्या चाव्याला लस आणि जखमेत सिरम, म्हणजे तयार संरक्षण. कातडीत 0.1 मिलीच्या दोन सुया, दिवस 0, 3, 7 आणि 28. ही कातडीतली पद्धत भारतात 2006 पासून मान्य आहे. लस कमी लागते, म्हणून सरकारी दवाखान्यात तीच चालते आणि निरोगी माणसाला ती पूर्ण संरक्षण देते. फक्त समोरच्या बाईबद्दल एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी विचारली नाही आणि अक्कांनी सांगितली नाही.

अक्कांच्या डोक्यात भीती वेगळीच होती. रेबीजची नव्हती, लसीची होती. कुणीतरी कधीतरी त्यांना सांगितलं होतं की लस म्हणजे जंतूच, आणि आपल्या आजारात जंतू टोचून घेतला की आतला विषाणू उसळतो. शुक्रवारी रात्री अंग थोडं कसकसलं आणि त्यांचा संशय पक्का झाला. सोमवारची दुसरी सुई टाळायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. फोन केला तो माझा होकार मिळवायला.

मी म्हटलं, "अक्का, सोमवारची सुई चुकवायची नाही. बाकीचं मी उद्या सविस्तर सांगते, पण एवढं आधी."

जिवंत लस आणि मेलेली लस

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. सून माहेरी गेली होती, त्यामुळे बोलता आलं.

"लस म्हणजे जंतूच" या समजुतीत खऱ्याचा एक तुकडा आहे आणि तो नाकारून चालत नाही. नाकारला तर माणूस पुढचं ऐकत नाही. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान बेळगावात सगळ्यांना सभा-मेळाव्यांसाठी माहीत आहे. त्याचं नाव पडलं देवीच्या लसीवरून. ती लस जिवंत विषाणूची होती. देवीच्या विषाणूचा सौम्य भाऊबंद कातडीत टोचायचा, तो तिथे वाढायचा, फोड यायचा, खपली पडायची आणि दंडावर आयुष्यभराचा व्रण राहायचा. निरोगी माणसाला ते सोसायचं. पण 1987 मध्ये अमेरिकेतल्या एका तरुण सैनिकाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. भरतीच्या वेळी त्याला देवीची लस दिली गेली. त्याला एचआयव्ही आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो लसीचा विषाणू त्याच्या अंगभर पसरला. पुढे 1996 मध्ये असाच एक अहवाल आला: प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या, एचआयव्ही असलेल्या एका विशीतल्या तरुणाला गोवराच्या लसीतल्या विषाणूनेच न्यूमोनिया झाला आणि पुढे तो गेला.

म्हणून जिवंत लसींबाबत नियम कडक आहे. गोवर-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, नाकात फवारायची फ्लूची लस, तोंडाने घ्यायची टायफॉइडची लस, या सगळ्या जिवंत. मोठ्या माणसाचा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, 200 च्या खाली असेल तर त्या द्यायच्या नाहीत. क्षयरोगाची बीसीजीसुद्धा जिवंत. एचआयव्हीचं निदान झालेल्या आणि अजून औषधावर न स्थिरावलेल्या बाळाला ती देत नाहीत. मात्र आईला एचआयव्ही आहे एवढ्यावरून, लक्षणं नसलेल्या नवजात बाळाची बीसीजी अडवायची नसते. हा गोंधळ मी कित्येक घरांत पाहिला आहे.

रेबीजची लस या यादीत नाही. ती मेलेल्या विषाणूची आहे. प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून, मारून, धुऊन घेतलेला विषाणू. तो अंगात वाढू शकत नाही, मग सीडीफोर 600 असो की 60. धनुर्वात, कावीळ बी, सुईने द्यायची फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, आपल्याकडे दिलेल्या कोविडच्या लसी, कुणीच अंगात वाढत नाही. आणि कुत्रं चावल्यावरच्या रेबीजच्या लसीला तर कुठलाच आजार आड येत नाही. गर्भारपण नाही, बाळंतपण नाही, एचआयव्हीही नाही. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ नक्की जातो.

अक्कांनी विचारलं, "मग अंग का कसकसलं?"

कसकसणारच. शरीराने दखल घेतली. विषाणू उसळण्याची जी गोष्ट त्यांनी ऐकली होती, तिचंही मूळ आहे. 1990 च्या दशकात, आजची औषधं नव्हती तेव्हा, लस दिल्यानंतर एचआयव्हीच्या रुग्णांच्या रक्तात विषाणू थोड्या दिवसांसाठी वाढल्याचं संशोधकांना दिसलं होतं. लस लागली की प्रतिकारपेशी जाग्या होतात, आणि एचआयव्ही त्याच पेशींत घर करतो. काही आठवड्यांत आकडा मूळपदावर यायचा. नियमित गोळ्या घेणाऱ्यांत या चढ-उताराला महत्त्व उरत नाही. त्याचा एवढाच परिणाम राहतो की, लस घेतल्यावर लगेच व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, तपासायचा नाही, चारेक आठवडे जाऊ द्यायचे. नाहीतर आकडा उगाच घाबरवतो.

एवढं ऐकून अक्का शांत झाल्या. मी मात्र अस्वस्थ झाले, कारण बोलता बोलता त्या म्हणाल्या, "गोळ्या तर आता दीड महिना झाला परत चालू आहेत की."

परत?

तांदळाचा डबा

अक्कांचं निदान 2013 चं, नवरा गेल्यावर. तेव्हा सीडीफोर 96 होता. उपचार त्यांनी बेळगावात घेतले नाहीत. बेळगावच्या रांगेत उद्या गावचं कुणी भेटेल, म्हणून सीमेपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या केंद्रात नाव घातलं. तिकडे बहीण दिलेली आहे, जायला निमित्त असायचं. दहा वर्षं त्यांनी गोळ्या चुकवल्या नाहीत. अशी शिस्त मी फार थोड्या लोकांत पाहिली आहे.

2023 च्या मेमध्ये मुलाचं लग्न झालं. स्वयंपाकघरात आता दुसरे हात फिरायला लागले. गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात असायची, आणि तांदूळ आता सून काढायची. अक्कांनी बाटली आणि एआरटीची पुस्तिका बहिणीकडे नेऊन ठेवली. जाऊन-येऊन गोळी घ्यायची ठरवलं. रोजची गोळी अशी कशी घ्यायची? जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गोळ्या जवळजवळ बंद होत्या. ऑक्टोबरात तोंडात पांढरं आलं, घास गिळवेना, तेव्हा त्या केंद्रात गेल्या आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आधीचा व्हायरल लोड छान दबलेला होता, पण ती तपासणी वर्षापूर्वीची. सीडीफोर त्याहून जुना. नवी तपासणी पुढच्या फेरीला ठरली होती.

म्हणजे त्या रविवारी अक्कांची प्रतिकारशक्ती नेमकी कुठे होती, हे सांगणारा एकही ताजा कागद कुणाजवळ नव्हता. तोंडात आलेलं पांढरं मात्र सांगत होतं की ती बरीच खाली असावी.

इथे हे प्रकरण लस सुरक्षित आहे का या प्रश्नावरून पुढे सरकतं. मेलेल्या विषाणूची लस अशा शरीराला अपाय करत नाही, पण ती लागू पडेलच याची खात्री नसते. लस हा शरीराला दिलेला निरोप आहे. तो वाचून विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं तयार करणं शरीराच्या हातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये याबाबत स्पष्ट रेघ आखली: जी व्यक्ती एआरटीवर आहे, प्रकृतीने ठीक आहे आणि जिचा सीडीफोर 200 किंवा त्याहून वर आहे, तिला रेबीजच्या लसीसाठी दुबळी धरायचं नाही, तिचं शरीर इतरांसारखाच प्रतिसाद देतं. एचआयव्ही असलेल्या बहुतेकांना आज हेच लागू होतं, आणि हे मोठ्याने सांगायला हवं. पण रेघेच्या खाली असलेल्यांसाठी उपचार बदलतो. भारताच्या 2019 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की, प्रतिकारशक्ती कमी असेल तर दुसऱ्या वर्गाच्या चाव्यालाही जखमेत सिरम द्यायचं आणि लस कातडीत न देता स्नायूत, पूर्ण पाच मात्रा द्यायच्या: दिवस 0, 3, 7, 14, 28.

सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडं. लसीचा निरोप वाचून शरीराला स्वतःची प्रतिपिंडं काढायला आठवडा-दहा दिवस लागतात. तेवढ्या काळात जखमेतला विषाणू मज्जातंतूपर्यंत पोचू नये म्हणून ही उसनी प्रतिपिंडं तिथल्या तिथे सोडायची. पहिल्या लसीनंतर सात दिवसांच्या आतच सिरम देता येतं, त्यानंतर नाही. अक्कांची पहिली लस शुक्रवारची. हातात पुढचा शुक्रवार होता.

निघता निघता चघळायच्या पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. रात्री जेवण झालं की अक्का एआरटीची गोळी आणि पित्ताची गोळी लागोपाठ घेत होत्या. त्यांच्या एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्राविर आहे. पित्ताच्या गोळीतलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं आणि रक्तात नीट उतरू देत नाही. पित्ताची गोळी घ्यायचीच असेल तर एआरटीची गोळी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. जिच्या भीतीने त्यांची झोप उडाली होती त्या लसीचं त्यांच्या गोळ्यांशी काही वाकडं नव्हतं. ज्या साध्या चघळायच्या गोळीकडे त्यांचं लक्षही नव्हतं, तिचं होतं.

सांगायचं कुणाला आणि किती

"आता तिथं जाऊन सांगू कशी? सिस्टर आमच्या गल्लीतली हाय," अक्का म्हणाल्या.

त्यांच्या गप्प राहण्याला कारणं होती. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात त्यांच्या केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल शाईने खूण केली होती, आणि तो कागद हातात धरून त्यांना तीन खिडक्या फिरवलं होतं. मग 2021 आलं. त्या वर्षी 1 मार्चला 45 ते 59 वयाच्या, ठरावीक आजार असलेल्या लोकांसाठी कोविडची लस खुली झाली. त्या वीस आजारांच्या यादीत एचआयव्ही होता. म्हणजे अक्कांचा हक्क इतरांच्या आधीचा होता. पण त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवायचं होतं, गावच्या शाळेत, गावच्या लोकांसमोर. अक्का थांबल्या. 1 एप्रिलला 45 वरच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि तेव्हा त्या कुठलाही कागद न दाखवता रांगेत उभ्या राहिल्या. ज्यांना आधी संरक्षण मिळावं म्हणून ती यादी केली होती, त्यांच्यातल्या एकीला त्या यादीनेच महिनाभर मागे ठेवलं. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

कायदा अक्कांच्या बाजूने आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याप्रमाणे कुणालाही स्वतःची एचआयव्हीची स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही, ती दुसऱ्याला कळवायला लेखी संमती लागते आणि आजारावरून उपचार नाकारणं हा भेदभाव ठरतो. पण कायदा सुईच्या टेबलाजवळ येऊन उभा राहत नाही. तिथे गल्लीतली सिस्टर असते.

मी अक्कांना म्हटलं, आजाराचं नाव सगळ्यांना कळायची गरज नाही. ज्या डॉक्टरांनी उपचार ठरवायचा त्या एकाला कळलं की पुरे. सुई टोचणाऱ्या सिस्टरना नाव कळून काही उपयोग नाही, कारण हातमोजे आणि नवी सुई ही काळजी त्यांनी प्रत्येक रुग्णामागे घ्यायचीच असते. कार्डावर "प्रतिकारशक्ती कमी" एवढं लिहिलं तरी उपचार तोच राहतो. कर्करोगाचं औषध चालू असलेल्याच्या कार्डावर हेच लिहितात, मूत्रपिंड बदललेल्याच्या आणि महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्याच्याही.

अक्कांनी बराच वेळ विचार केला. चुलीवरचं पाणी उतरवलं, परत येऊन बसल्या. मग तीन अटी घातल्या. आपल्या केंद्रात नको, बेळगावात सांगू. दुसरं माणूस खोलीत असताना नको. आणि कार्डावर ते नाव नको.

सोमवारी सकाळी आम्ही बेळगावला निघालो. कर्नाटकच्या गाडीत शक्ती योजनेमुळे बायकांना तिकीट पडत नाही. आधार कार्ड दाखवलं की झालं. वाटेत मी सीमेपलीकडच्या केंद्रातल्या समुपदेशकांना फोन लावला. अक्कांनी स्वतः बोलून संमती दिली, तेव्हा त्यांनी नोंदवही काढून औषधाचं नाव, खंड पडलेले महिने आणि शेवटचे आकडे सांगितले. एका राज्यात चावलेलं कुत्रं आणि दुसऱ्या राज्यात पडलेली नोंद, यांची गाठ अशी धावत्या बसमध्ये पडली. अक्कांना फोन करायला कुणी ओळखीचं नसतं, तर ती कशी पडली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांच्याजवळ लस-कार्ड होतं ते कन्नडमध्ये, आणि बहिणीकडे ठेवलेली पुस्तिका मराठी-इंग्रजीत. दोन्ही कागद एकाच बाईचे, आणि दोन्ही एका टेबलावर कधीच आले नव्हते.

बेळगावातले डॉक्टर कन्नड बोलणारे, मराठी चांगली समजणारे. गर्दी होती. अक्कांनी खुर्चीवर बसल्या बसल्या दाराकडे पाहिलं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं, त्यांनी मदतनिसाला बाहेर पाठवून दार लोटून घेतलं. अक्कांनी सांगितलं. स्वतःच्या तोंडाने. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला तो मी जपून ठेवला आहे: "गोळ्यांना खंड पडला होता का?" रोग कुठून आला, कसा झाला, असलं काही नाही. उपचार ठरवायला लागणारा तेवढाच प्रश्न.

सोमवार ते नाताळ

ताजा सीडीफोर हाताशी नाही, गोळ्यांना खंड आणि तोंडात बुरशी येऊन गेलेली. डॉक्टरांनी अक्कांना 200 च्या रेघेखाली धरलं. अहवालाची वाट पाहायला वेळ नव्हता, आणि चुकायचंच तर जास्त संरक्षण देऊन चुकलेलं बरं.

घोट्यात सिरम दिलं. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सिरम किलोमागे 40 एकक लागतं, म्हणजे 48 किलोला 1920. एवढं सगळं घोट्याच्या पातळ कातडीत मावत नाही. जखमेत आणि भोवती जितकं बसेल तितकं हळूहळू भरलं. दुखलं. अक्कांनी पदर दातात धरला होता. मग दंडाच्या स्नायूत लस. कातडीतून स्नायूत असा मार्ग बदलताना आधीची सुई मोजायची की नाही, हा प्रश्न होता. मधेच मार्ग बदलणं टाळावंच, पण अडचण असेल तर चालतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, असं जागतिक संघटनेचं म्हणणं आहे. या डॉक्टरांनी मात्र सावध वाट धरली. त्या सोमवारलाच दिवस शून्य मानून पाचही मात्रा नव्याने द्यायचं ठरवलं. त्यामागचं कारण त्यांनी अक्कांना सांगितलं: "तुमच्या शरीराला निरोप दोनदा गेला तर बिघडत नाही, एकदाही नीट पोचला नाही तर बिघडतं."

कार्डावर त्यांनी लिहिलं: स्नायूत, पाच मात्रा, सिरम दिलं, प्रतिकारशक्ती कमी. बस्स.

बुधवारी अक्का सीमेपलीकडे गेल्या आणि सीडीफोर दिला. 168 आला. डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. शुक्रवारचं कातडीतलं इंजेक्शन आणि बिनसिरमचा घोटा, यावरच त्या राहिल्या असत्या तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. कुत्रं नंतर दिसलंच नाही, त्यामुळे ते पिसाळलेलं होतं की नाही हेही कळलं नाही. जोखीम अशीच असते. रेबीजच्या बाबतीत ती पाहून घेण्याची मुभा नसते.

तिसरी मात्रा 4 डिसेंबरला होती. त्याच दिवशी तिथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं, त्यामुळे बेळगावात जागोजागी पोलीस होते. अक्का घरातून तासभर आधी निघाल्या. पाचवी मात्रा बरोबर 25 डिसेंबरला आली. नाताळ, ओपीडी बंद. अक्का म्हणाल्या, "एक दिवस पुढं गेलं तर?" मी म्हटलं, अपघात विभाग उघडा असतो, चला. तिथे कार्ड दाखवलं आणि पाच मिनिटांत सुई झाली.

लस लागली की नाही हे तपासता येतं, आणि अशा रुग्णांत तपासावंच. बेंगळुरूच्या निमहान्स या संस्थेत रेबीजच्या प्रतिपिंडांची मोजणी होते. जानेवारीत रक्त पाठवलं. मिलीलीटरमागे 0.5 एकक ही पुरेशी पातळी मानतात. अक्कांची त्याच्या वर आली. महिनाअखेरीस व्हायरल लोडही दबलेला आला. त्यातलं मोठं श्रेय गोळ्या पुन्हा रोज पोटात जायला लागल्याचं आहे.

गोळ्या रोज कशा जायला लागल्या, ते अक्कांच्या घरातलं आहे. त्यांनी मला एवढंच लिहायची मुभा दिली आहे: दुसऱ्या सुईनंतर त्यांना ताप आला, रात्री सून कपाळावर घड्या ठेवत बसली होती, आणि अक्कांनी तिला सांगितलं. बाटली आता पुन्हा स्वयंपाकघरात आहे.

राहिलेल्या गोष्टी

मला हे प्रकरण नशीब चांगलं म्हणून निभावलं असं वाटतं, आणि दर वेळी नशिबावर ठेवणं बरोबर नाही. कुत्रं चावलेल्या प्रत्येकाला, एचआयव्हीचा उल्लेख न करता, एक साधा प्रश्न विचारता येईल: प्रतिकारशक्ती कमी करणारा कुठला आजार किंवा औषध आहे का, नाव सांगू नका, हो की नाही एवढंच सांगा. आमच्याकडे तो मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत, टेबलावर चिकटवलेला असावा. बोट ठेवलं की झालं. आणि एआरटी केंद्रांनी पुस्तिका देतानाच सांगावं की कुत्रं चावलं तर दवाखान्यात हे बोला. मी स्वतः समुपदेशक असताना शेकडो लोकांशी गोळ्यांबद्दल बोलले, आहाराबद्दल बोलले, निरोधबद्दल बोलले. कुत्र्याबद्दल कधी बोलले नाही. गावात राहणाऱ्या माणसाला कुत्रं चावणारच, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

अक्कांना डॉक्टरांनी एक नियम पाठ करायला लावला आहे. एकदा रेबीजची पूर्ण लस झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रं चावलं तर दोन मात्रांत भागतं आणि सिरम लागत नाही. पण प्रतिकारशक्ती कमी असताना ही सवलत धरायची नाही. तेव्हा परत सगळं पहिल्यापासून, सिरमसकट.

पित्ताच्या गोळीची भानगड कळल्यावर अक्का आता प्रत्येक गोष्ट विचारतात. सून गरोदर आहे. बाळाला पोलिओचे थेंब दिले की ते जिवंत विषाणूचे असतात ना, मग मी बाळाला घ्यायचं नाही का, असं त्यांनी विचारलं. घ्यायचं. बाळाच्या लसी एकही थांबवायच्या नाहीत. लंगोट बदलला की साबणाने हात धुवायचे. अक्कांना साबणाचं महत्त्व सांगायची गरज नव्हती.

त्यांची कावीळ बीची तपासणी निर्दोष आली, म्हणून ती लस सुरू झाली आहे. एचआयव्ही असताना तिच्या नेहमीच्या मात्रा कमी पडू शकतात, म्हणून दुप्पट मात्रा देतात, आणि शेवटच्या सुईनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं 10 च्या वर गेली का ते पाहतात. न्यूमोनियाची पहिली लसही झाली. तिची पुढची, दुसऱ्या प्रकारची सुई किमान आठ आठवड्यांनी, आणि शक्यतो सीडीफोर 200 पार झाल्यावर. ही लस विकत घ्यावी लागते. पहिल्या सुईचे पैसे अक्कांनी रताळ्याच्या पट्टीतून बाजूला काढले होते.

दुसऱ्या सुईची तारीख सुनेने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. फक्त तारीख, बाकी काही नाही. त्या दिवशी ती अक्कांबरोबर बेळगावला येणार आहे.